दोनशे मोऱ्यांचं तळं

फार जुन्या काळची गोष्ट आहे. एका उघड्या माळावर एक तळं होतं आणि त्या तळ्याच्या आधाराने सात घरांचं गाव राहत होतं. पूर्वजांनी मातीचा बांध घालून पाणी अडवलं होतं. बांधात सात मोऱ्या होत्या. एकेका मोरीतून एकेका घराच्या शेताला पाणी जाई.

गावाची रीत अशी, की मुलगा लग्न करून वेगळी चूल मांडू लागला, की त्याच्या नावाने बांधात नवी मोरी फोडायची. हा मान पाटकऱ्याच्या घराण्याचा, कारण पाणी सोडणं-अडवणं हे त्यांचंच काम.

पिढ्या गेल्या. सातांची सत्तर घरं झाली, सत्तरांची दोनशे. मोऱ्याही दोनशे झाल्या. तळं मात्र होतं तेवढंच राहिलं.

आता मान एका विधवेकडे आला होता. एका उन्हाळ्यात तळ्याचा तळ दिसू लागला, तेव्हा त्या पाटकरणीने बांधाला हात लावून पाहिला. माती मुठीत भुगा होऊन आली. तिने गाव गोळा केलं.

"आता नवी मोरी नाही," ती म्हणाली. "आहे ते पाणी भावाभावांत वाटून घ्या. आणि घरात माणसं वाढवताना तळ्याकडे बघा."

"वा गं वा!" मुखिया हसला. "आमच्याकडे पाळणा हलला, की तुझ्या का पोटात दुखतं?"

"चोच देतो तो चाराही देतो," एक म्हातारी म्हणाली.

"देईल की, मावशी. पण हा बांध माणसांनी घातलाय. फुटला तर देव येणार आहे का माती टाकायला?"

बोलणं झोंबलं, पण पटलं. तीन वर्षं कुणी मोरी मागितली नाही. तळ्याच्या पायऱ्या पुन्हा पाण्यात गेल्या.

मग पाटकरणीच्या धाकट्या मुलाला स्थळ आलं.

"आई, मुलीचे वडील म्हणतात, मोरी नाही त्या घरी मुलगी देणार नाही."

"दादाच्या मोरीतलं अर्धं पाणी घे."

"वहिनी घोटभर तरी देईल का? एकच मोरी गं आई. दोनशेत एक कुणाला दिसतेय?"

आपल्यामागे हा एकटा राहील, या विचाराने तिचं काळीज हललं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने पहार घेतली आणि मोरी फोडली.

उजाडल्यावर गावाने ओली माती पाहिली. घराघरातून पहारी निघाल्या.

"पाटकरीणबाई, बाजूला व्हा," मुखिया म्हणाला. "माझेही तिघे मुलगे तीन वर्षं थांबलेत."

ती बाजूला झाली. कुठल्या तोंडाने अडवणार? दिवस मावळेपर्यंत बांधाची चाळण झाली.

पावसाळ्यात तळं भरलं आणि एका दुपारी बांध खचून फुटला. पाणी शेतांतली काळी माती घेऊन गेलं. पुढच्या उन्हाळ्यात नवी सून रिकामा हंडा उंबऱ्यावर ठेवून माहेरी निघाली, मुलगाही तिच्यामागे गेला. मागोमाग गाव पांगलं.

जाताना पाटकरणीला कुणी बोल लावला नाही. लावणार कोण? प्रत्येकाच्या पहारीला तीच माती लागली होती.

तात्पर्य : घेणारा आपलं एकच मोजतो; धरतीला मात्र सगळ्यांचं मिळून द्यावं लागतं.