ठमाईनं गावाला जागा दिली

फार फार वर्षं झाली. त्या काळी शेवरवाडी नदीकाठी होती. एका श्रावणात नदी अशी चढली, की तिनं एका दुपारात चाळीस घरं नेली. माणसं झाडांवर चढून वाचली. आता नवा गाव वसवायचा, तो कुठं?

"डोंगराच्या पायथ्याला," रावजी पाटील म्हणाले. "गोड्या पाण्याचा झरा आहे, माती काळी आहे. आणखी काय पाहिजे?"

गावात ठमाई नावाची पाथरवटीण होती. जाती-पाटे घडवायची. तिच्या हातोडीशी दगड बोलायचा, असं म्हणतात. ती म्हणाली, "पाटील, मला आधी हिंडून येऊ द्या. मग कुदळ मारा."

सात दिवस ती हिंडली. पायथ्याशी झाडं बुंध्यात वाकलेली दिसली. कातळाला कान लावला, तर आत बारीक कुरकुर. मग ती वरच्या माळावर गेली. तिथं वारा उभं राहू देईना, आणि पाणी अर्ध्या कोसावर.

परत येऊन तिनं सांगितलं, "भय तिन्हीकडं आहे. नदी पुन्हा येणार. माळावर वारा छप्पर उडवेल, पण छप्पर पुन्हा घालता येतं. डोंगर अंगावर आला, तर घालायला माणूस राहत नाही."

"डोंगर कधी चालतो का, ठमाई?" पाटील हसले. घरं पायथ्याशीच उभी राहिली. ठमाईनं एकटीनं माळावर खोप घातली.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी झरा गढूळ झाला, आणि बघता बघता आटला. ठमाईच्या कानावर आलं, तशी डोंगर सुटणार हे तिनं ओळखलं. ती धावत खाली आली आणि हातोडीनं कातळ बडवू लागली. तो नाद तीन कोस गेला, असं म्हणतात. तव्यावरच्या भाकऱ्या टाकून बाया पोरांना घेऊन पळाल्या. गुरांनी दावी तोडली. अख्खा गाव माळाच्या वाटेला लागला.

"ठमाई, तू चल," पाटलांनी हाक दिली.

"शेवटचं माणूस वर गेलं की येते."

मग डोंगर सुटला. झाडं उभीच्या उभी चालत आली. पुढं ठमाई, मागं डोंगर. माळाच्या कडेला ती वळली, तिनं हातोडी उगारली, आणि डोंगर तिच्या पावलांपासून वीतभर अंतरावर थांबला, असं म्हणतात.

पाटलांनी डोईचं पागोटं सोडून तिच्या रक्ताळलेल्या हातांना बांधलं. "आता तूच दाखव," ते म्हणाले, "घर कुठं बांधू?"

शेवरवाडी आजही माळावर आहे. वाऱ्यानं कितीदा छपरं नेली, लोकांनी पुन्हा घातली. तिथं कुणी घर बांधायला काढलं, की गावातली जाणती बाई जागेवर येते आणि मालकाला विचारते, "पाणी कुठवर येतं? डोंगर कुठवर येतो? वारा कुठनं येतो?" तिन्ही उत्तरं पटली, तर ठमाईचं नाव घेऊन पायाचा पहिला दगड तीच बसवते. नाही पटली, तर मालक मुकाट्यानं दुसरी जागा बघतो.