रावसाहेबांच्या सायकलीचा आवाज

जिथे सगळेच सायकलने कामाला जातात त्या नेदरलँड्समध्ये चार वर्षं शिकून गावी परतताना मला वाटलं होतं, इथे सायकल म्हणजे कामावर जायचं साधं वाहन असेल आणि मी लोकांना आणखी थोडं पुढे नेईन. प्रत्यक्षात सापडली ती दर रविवारी मारुतीच्या देवळापुढे भरणारी जत्रा. गिअरच्या चाळीस सायकली ओळीने उभ्या, एकही हलत नाही आणि मालकांची तोंडं मात्र अखंड चालू! कुणाची चेन सोनेरी, कुणी प्रत्येक स्क्रू सराफाच्या काट्यावर तोलून बसवलेला. मला लिहिता येतं म्हणून दुसऱ्याच रविवारी मला त्यांच्या सायकल क्लबची चिटणीस केलं.

एका रविवारी मात्र जत्रेवर शोककळा होती. अध्यक्ष रावसाहेब भोगावकरांची नवी टायटॅनियमची सायकल देवळाशेजारच्या चढावर ‘कुट्, कुट्’ वाजत होती.

“बॉटम ब्रॅकेट!” हाडांचे डॉक्टर सबनीस कान लावून म्हणाले. “दोन पेडलांच्या मधली बेअरिंग. आवाजावरून सांगतो.”

“बेअरिंग तीनदा बदलली!” रावसाहेब कडाडले. “पुण्याच्या तीन कारागिरांनी सायकल केळ्यासारखी सोलली. आता कुणाचा पाना लागू देणार नाही!”

देवळाच्या कोपऱ्यावर सगुणा लोहाराचं पंक्चरचं दुकान. वडिलांच्या मागे तीच चालवते. ती ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता फिस्सकन हसली.

रावसाहेबांनी ऐकलं. “हसतेस काय? ही जागा माझी आहे. इथे क्लबचं कॉफीचं दुकान काढायचं मनात आहेच. चल, आवाज बंद कर! पाना लावायचा नाही, तेलाचा थेंब नाही, एकही भाग बदलायचा नाही. जमलं तर जागा तुझी. नाही जमलं तर उद्या गाशा गुंडाळ!”

“रावसाहेब, हा अन्याय आहे,” मी पुढे झाले.

“थांबा ताई,” सगुणा हात पुसत उठली. सायकलीच्या मागच्या चाकापाशी क्षणभर वाकली आणि म्हणाली, “आणखी काही अट?”

“आणखी काही नाही!”

“मग आधी माझ्या सायकलीवर बसा.”

तिची सायकल काळी, बिनगिअरची, कॅरियरवर टायरांची चळत. रावसाहेब नाक मुरडून बसले आणि चढाला लागले. कुट्, कुट्, कुट्!

“तुझ्याही सायकलीला तोच रोग!” ते ओरडले.

“साथ आलेली दिसते,” सगुणा म्हणाली. मग तिने पदर खोचला, टायटॅनियमवर टांग टाकली आणि त्याच चढावर फेरी मारून आली. चिडीचूप!

“आता देवळाच्या पायऱ्या चढा. नमस्कार करायचाय असं समजा.”

रावसाहेब चढले. कुट्, कुट्, कुट्.

चाळीस जणांनी एकदम हाडांच्या डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर सबनीस आपला पंप मन लावून न्याहाळू लागले.

“म्हणजे वाजतो माझा गुडघा?” रावसाहेब लालबुंद झाले. “मग तू हरलीस! गुडघा कसा बंद करशील?”

“भाग बदलायचा नाही म्हणालात. नाहीतर डॉक्टर होतेच की!”

हसू दाबताना कुणाची तरी बाटली खाली पडली. सगुणाने मागच्या चाकावर बोट ठेवलं. “हे बघा. अकरा दातेरी चक्रं आहेत. सगळ्यात लहान एकच काळं पडलंय, झिजलंय. बाकीची दहा कारखान्यातून आली तशी कोरी! लहान चक्र म्हणजे सगळ्यात जड गिअर. चढावरसुद्धा तुम्ही तोच रेटता. गुडघा ओरडणार नाही तर काय?”

“हलके गिअर म्हाताऱ्यांसाठी असतात!”

“मग ती दहा चक्रं उगाच घेतलीत. काढून मला द्या, झेंडूच्या माळेत ओवून दसऱ्याला दुकानाला लावते.”

“सगुणा!”

“पण तुमचंही बरोबर आहे,” ती एकदम गंभीर झाली. “समोर चढ, मागे सगळा क्लब बघतोय आणि अंगठा दाबून गिअर हलका करायचा... त्याला छाती लागते. तुम्हाला नाही जमणार.”

“नाही जमणार? मला?”

रावसाहेबांनी सायकल ओढली. खट्, खट्, खट्... दहा वेळा अंगठा दाबला. पाय भरभर फिरू लागले. आम्ही सगळे श्वास रोखून मागे चालत निघालो. कुट् नाही, कुरकुर नाही. वळणापाशी दर रविवारी त्यांना नेमका फोन यायचा आणि उतरावं लागायचं. आज फोन आला नाही. ते थेट माथ्यावर पोचले आणि वरून जे हसत सुटले, त्याने देवळावरची कबुतरं उडाली!

“जिंकलीस गं!” ते ओरडले. “कॉफी गेली उडत! जागा तुझ्या नावावर. उद्याच कागद करतो. आणि क्लबच्या सगळ्या सायकली तुझ्याकडेच!”

“सगळ्या नकोत,” सगुणा खालून ओरडली. “निम्म्यांना डॉक्टरांकडे पाठवते. त्यांचाही धंदा चालू दे!”

घरी जाण्याआधी एकेक जण गुपचूप आपल्या मागच्या चाकापाशी वाकला. लाज वाटते सांगायला, पण मीही वाकले. माझीही आठ चक्रं कोरीच निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चिटणीस म्हणून, कुणालाही न विचारता मी क्लबचा नवा नियम ठरवला आणि सगळ्यांना कळवून टाकला: यापुढे आपापल्या सायकलीबद्दल हवं तेवढं बोला, पण फक्त चढावर, पेडल मारता मारता!