दीपगडाच्या शिपायाची धोपटी

एका राज्यात हैबती नावाचा न्हावी राहत होता. बायको देवाघरी गेलेली. घरात एकच मुलगा, सटवाजी. तो राजाच्या फौजेत शिपाई झाला, त्या दिवशी हैबतीने वेशीवर उभे राहून चार माणसांना ऐकवले, "आमच्या घरातला वस्तरा माझ्यापाशी संपला."

दोन वर्षांनी सटवाजीला हुकूम आला. समुद्रापलीकडच्या दीपगडावर चौकी करायची. मुदत एक वर्ष.

दीपगडाचे नाव निघाले की लोक खाली पाहत. राजाच्या आजोबाने समुद्रातल्या जोगिणीचा खजिना लुटून त्या बेटावर ठेवला होता. जोगिणीने राखणदारांना शाप दिला. तेव्हापासून चाळीस वर्षे दर वर्षी एकवीस शिपाई आणि एक किल्लेदार तिथे जात. वर्षाच्या आत सारे दगड होत. मग नवे जात.

जाणाऱ्याला घरची एकच वस्तू नेण्याची मुभा होती. कोणी ढाल देई, कोणी कट्यार, कोणी ताईत. हैबतीपाशी दहा दिवस होते. मुलाच्या उपयोगी पडेल असे काय द्यावे, ते त्याला कळेना. गावात विचारणे त्याच्या स्वभावात नव्हते. तो डोंगर चढून मांत्रिकाकडे गेला.

मांत्रिकाने चिलखत पुढे ठेवले. "याला तलवार लागत नाही. बाण लागत नाही."

"हे घालून दीपगडावर गेलेला कोणी परत आला?"

मांत्रिक खोटे बोलत नसे. "नऊ जण घालून गेले. नऊही तिथेच आहेत."

"म्हणजे दगडाला चिलखत झालं," असे म्हणून हैबती उठला.

दुसऱ्या दिवशी तो गुहेतल्या नागिणीकडे गेला. तिने शेपटीखालून अंगठी काढली. बोटात घातली की वर्षभर तहानभूक लागत नसे.

"किती जणांनी नेली?"

"चौघांनी."

"मग?"

"भूक लागली नाही त्यांना. बाकीचं व्हायचं ते झालं."

हैबतीने अंगठी परत दिली आणि बंदराची वाट धरली. बंदरावरच्या बुंध्यावर एक म्हातारा कुरव पक्षी बसे. तो माणसांसारखा बोले. दीपगडावर जाऊन परत येणारा जीव तेवढा एकच होता.

"माझी चोच वाढली आहे," कुरव म्हणाला. "मासा निसटतो. आधी ती बघ."

हैबतीने कमरेची नराणी काढली. नख काढतात तशी चोच तासली, बोटाने चाचपली, पुन्हा तासली. कुरवाने एक मासा धरून पाहिला. मग तो बोलला.

"गडाला एकवीस बुरूज. बुरुजावर एकेक शिपाई. सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. शत्रू आजवर आलेला नाही. दगड आधी गालावर येतो, बोराएवढा. तेव्हा खरडला तर निघतो. पण आपला गाल आपल्याला दिसत नाही आणि दुसऱ्याच्या गालाकडे तिथं कोणी पाहत नाही."

"आरसा देतो."

"खाऱ्या वाऱ्यात आरसा आठ दिवसांत आंधळा होतो."

"मग काय द्यावं?"

"हैबती, तू आल्यापासून माझ्या तोंडाकडे बघतो आहेस. ही सवय तुला कशाने लागली?"

हैबती घरी गेला आणि खुंटीला टांगलेल्या हजामतीच्या धोपटीसमोर बसला. त्या धोपटीत त्याच्या आजाचा वस्तरा होता. सात दिवस तो तिच्यासमोर बसला. उठला की वेशीवरचे आपले बोलणे आठवे आणि पुन्हा बसे.

दहाव्या दिवशी बंदरावर जहाज लागले. शिपाई रांगेत उभे होते. हैबतीने सर्वांच्या देखत धोपटी मुलाच्या हातात दिली.

सटवाजीचे कान लाल झाले. "आबा, हे काय?"

"धोपटी."

"ते दिसतंय. वस्तरा तुमच्यापाशी संपला म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. चुकलो."

हा शब्द सटवाजीने बापाच्या तोंडून प्रथमच ऐकला. मागचा शिपाई म्हणाला, "बरं झालं, सोबत न्हावी आला. शत्रूची हजामत करून घेऊ." रांग हसली.

बंदराच्या कारकुनाने धोपटी उघडली. "नियम एका वस्तूचा आहे. यात वस्तरा, सहाण, कातर, नराणी, वाटी."

"पिशवी एक आहे," हैबती म्हणाला. "उसवलीत तर पाच होतील."

कारकुनाने धोपटी बंद केली.

"रोज एकाची तरी दाढी कर," हैबती मुलाला म्हणाला. "गालावर करडा डाग दिसला तर तिथंच खरड. मान वर करून बघ प्रत्येकाकडे. लाजू नकोस."

जहाज गेले. हैबती घरी आला. दाराला कडी होती, ती त्यानेच लावलेली होती आणि त्यानेच काढली. आत जाऊन तो मोकळ्या खुंटीकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने नवा वस्तरा करून घेतला आणि कामाला लागला. आता त्याचा हात गालावर थांबे. तो गाल उजेडाकडे वळवी, पुन्हा वळवी.

"हैबती," पाटील म्हणाले, "दाढी करतोस का जावई पसंत करतोस?"

हैबतीने त्यांचा गाल आणखी एकदा वळवला. संध्याकाळी तो बंदरावर जाई. कुरव आला असेल तर बातमी मिळे. नसेल तर तो बुंध्यापाशी उभा राही आणि परत येई.

महिन्याने कुरव म्हणाला, "धोपटी उघडलेली नाही. लाज वाटते त्याला."

तीन महिन्यांनी म्हणाला, "उघडली. ज्याने रांगेत थट्टा केली होती, त्याच्याच गालावर डाग निघाला. तुझ्या पोराने धरून खरडला. आता अकरा जण दाढीला बसतात."

सहा महिन्यांनी म्हणाला, "किल्लेदारासकट सगळे बसतात. बसले की बोलतात. गडावर माणसांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला."

"आणि त्याचा गाल?"

कुरवाने पंख झाडले. "तो आपला गाल चाचपून खरडायचा. डाग हातून सुटला. आता अर्धा चेहरा गेला आहे. ओठ हलत नाहीत. हात जड झाले आहेत, तरी तो बाकीच्यांची दाढी करतो."

"त्याच्याकडे कोणी बघत नाही?"

"दाढी करणाऱ्याकडे कोण बघतो? त्याचं तो पाहील असं धरून चालतात."

हैबती म्हणाला, "किल्लेदाराला माझा निरोप दे. म्हणावं, हैबती न्हावी सांगतो, माझ्या पोराची दाढी कर."

"भवानराव सरदार घराण्यातले आहेत. एकेरीत सांगू?"

"एकेरीत सांग. रागावला तर म्हणावं, आधी दाढी, मग राग."

कुरव उडाला. गडावर पोचून त्याने निरोप जसाच्या तसा सांगितला. भवानरावांचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. त्यांच्याशी असे कोणी बोलले नव्हते. पण सकाळचीच दाढी होती, गाल अजून गार होता. त्यावरून कोणाचा हात फिरला ते त्यांना आठवले. पण त्या माणसाचा चेहरा त्यांना आठवेना.

ते एकविसाव्या बुरुजावर गेले. सटवाजी कट्ट्यावर बसला होता. चेहऱ्यावर डोळे तेवढे जिवंत होते. भवानरावांनी धोपटीतून वस्तरा काढला. उलटा धरला. सटवाजीने डोळ्यांनी नाही म्हटले. त्यांनी तो सुलटा केला आणि सरदाराचे गुडघे न्हाव्याच्या मुलासमोर जमिनीवर टेकले.

पहिल्या हाताला दगडाचा भुगा निघाला. दुसऱ्या हाताला टवका निघाला. तिसऱ्या हाताला रक्त आले.

"दुखलं का?" भवानरावांनी विचारले.

"दुखलं," सटवाजी म्हणाला.

गडावर असा एकही माणूस उरला नाही ज्याच्याकडे कोणी पाहिले नव्हते. शापाला उभे राहायला जागा राहिली नाही. चाळीस वर्षांचे दगड तटावरून खाली उतरले आणि एकमेकांना गावे विचारू लागले. खजिन्याचे पेटारे उघडले, तर आत शिंपले होते. ते त्यांनी समुद्रात ओतले.

राखण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा राजाने सर्वांना परत बोलावले. जहाजांच्या सात खेपा झाल्या. पहिल्या खेपेला सटवाजी उतरला. हैबतीने त्याला मिठी मारली नाही. हनुवटी धरून गाल उजेडाकडे वळवला. तिथे ओरखडे होते.

"हात कच्चा आहे," तो म्हणाला.

मागून भवानराव आले. "निरोप तुमचा होता?"

"माझा."

"एकेरीत होता."

"घाईत होतो."

भवानरावांनी मान लववली आणि ते आपल्या वाड्याकडे गेले.

समुद्राचे समुद्राला मिळाले, राजाचे राजाकडे राहिले, माणसे आपापल्या गावी गेली. पण जे तीस-चाळीस वर्षे दगड होते, त्यांतल्या पुष्कळांना ओळखणारे घरी कोणी उरले नव्हते. ते जाऊन आले आणि बंदरावरच राहिले. हैबती आणि सटवाजी दर सोमवारी त्यांच्या दाढ्या करायला जात. काम झाले की हैबती विचारी, "उठता का?"

ते म्हणत, "अजून एक हात फिरव. सावकाश."