हिरकनची वाढती बांधी

तळ्याखाली, पाटाच्या कडेला हिरकन आणि तिच्या मायची एक इवलीशी बांधी होती. बांधी म्हणजे धानाचं शेत. दोघी मायलेकी तिला लेकरासारखी जपायच्या. लोंब्या अशा भरगच्च यायच्या, की मोठ्या शेतांचे मालकही थबकून बघत. पण बांधीच टीचभर, धान पुरणार तरी किती? ते सरलं, की माय दूर शहरात विटा वाहायला जायची. बिचारी हिरकन शेजारच्या ठगूबाईकडे राहायची आणि रोज वाटेकडे डोळे लावून बसायची.

रोवणीच्या दिवशी पाण्याची पाळी हिरकनची होती. पलीकडे ठगूबाईची रोपं पिवळी पडलेली. हिरकनला राहवलं नाही. तिनं मधला धुरा, म्हणजे मातीचा बांध, जरासा फोडला. पाणी खळखळत पलीकडे गेलं आणि त्या खळखळाटातून एक चिमुकली परी वर आली! पोपटी झगा, चंदेरी पंख, केसांत दवाचे मणी.

"माग, सोनुली, काय हवं?"

"बांधी मोठी कर. माही माय मंग जानार नाही."

"मागशील तेवढी वाढेल. पण दिवस मावळायच्या आत सगळी रोवायची. जराशी जागा उरली, तरी पुन्हा टीचभर!"

आता लहान पोर ती, मागायला कशाला कमी करते? "पार त्या मोहाच्या झाडापर्यंत!" ती म्हणाली. झुळझुळ, सळसळ करत बांधी पसरली. काठावर रोपांच्या हिरव्यागार जुड्याही आल्या.

मायलेकी वाकल्या त्या वाकल्याच. दुपार झाली, तरी एक कोपराही भरेना. हिरकनला रडूच फुटलं. "माय, आता का करू वो?"

"रडतेस कायले?" धुऱ्यावरून ठगूबाई ओरडली. "माह्या रोपांले पानी देल्लंस, आता आमचे हात घे!" तिच्यामागं आळीतल्या साऱ्या बाया पदर खोचून उतरल्या. गाणी म्हणत, एकमेकींना चिडवत त्यांनी चिखल हिरवा करून टाकला. शेवटचं रोप लागलं, तेव्हा मोहामागं सूर्याची लालचुटूक कोर तेवढी उरली होती.

परी आली. "बांधी तुझी झाली, हिरकन."

हिरकननं बायांचे चिखलानं माखलेले हात पाहिले. यांचीही शेतं टीचभर, याही दरसाल लेकरं सोडून जायच्या. "माही एकटीची नोको. साऱ्यायची कर."

"मंग धुरे टाकून वाटून घेऊ," एक बाई म्हणाली.

"नोको वो!" हिरकन म्हणाली. "तुकडे केले तं पुन्हा टीचभरच होईन. सारे मिळून रोवू, धान वाटून घेऊ."

परी खुदकन हसली. तिच्या पंखांतून सोनेरी उजेड सांडला, पानापानावर चमचमला, आणि उजेडातच ती विरून गेली.

त्या वर्षी धान सरलंच नाही. आळीतल्या एकाही लेकराची माय गाव सोडून गेली नाही.