फोडलेलं मडकं

ऐका तर! नद्यांवर अजून पूल नव्हते, तेव्हाची ही गोष्ट.

एका गावात मोठी झकास रीत होती. लहान मुलाच्या हातून गुन्हा घडला, की निवाडा करणारी म्हातारी त्याच्याकडून सगळं खरंखरं ऐकून घ्यायची आणि शिक्षा द्यायची. मग तो गुन्हा कच्च्या मडक्याच्या आतल्या अंगाला कोरून ती मडक्याचं तोंड लिंपून टाकायची. मूल जाणतं झालं, की मडकं न उघडताच नदीत सोडायचं. माती विरघळली, विषय संपला! म्हणून तर तिथली पोरं बिनधास्त खरं बोलायची.

त्या गावातली तुळजा नुकती कुठे जाणती झालेली, पोहण्यात पटाईत. बंधाऱ्याची राखण तिच्याकडे द्यायची ठरली. ढोल वाजू लागले, तुळजाचे पाय जमिनीवर ठरेनात! तिचं मडकं नदीत सोडायचं तेवढं राहिलं होतं. एवढ्यात पाटील म्हणाले, आधी हिचं मडकं बघू. म्हातारीनं परोपरीनं विनवलं, पण पाटलांनी ते फोडलंच. आत काय? लहानपणी खेळता खेळता तुळजानं बंधाऱ्याचं दार उघडलं होतं आणि उभी शेतं वाहून गेली होती. झालं! राखण गेली. तुळजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या पावसाळ्यात पाणी चढलं आणि बंधाऱ्याचं दार उघडेना! तिथं रोज खेळणाऱ्या पोरांनीच तळाशी काहीतरी अडकवलं असणार. पण त्या गढूळ पाण्यात शोधायचं कुठे? पाटलांनी दम भरला, खाऊ दाखवला. पोरं ब्र काढतील तर शपथ. तुळजाचं काय झालं, ते त्यांनी पाहिलं होतं ना!

बंधारा आता फुटतो की मग फुटतो! तुळजा धावत आली. तिनं एकेका पोराला बाजूला नेलं.

"माझ्या कानात सांग. कुणाला कळणार नाही."

शेवटी एक जण कुजबुजलाच. डावीकडच्या खाचेत उखळ ढकललं होतं. तुळजानं धाडकन उडी मारली! काठावर सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. आणि काय सांगू, दार करकरत वर आलं, पाणी धो धो निघालं, गाव वाचलं! लोकांनी तिला डोक्यावर घेतलं.

पाटलांनी विचारलं, "कुणाचा उद्योग हा?"

"ते मी सांगणारी असते, पाटीलबाबा, तर मला कुणी सांगितलंच नसतं."

पाटलांची मान खाली गेली. त्यांनी बंधाऱ्याची राखण तिच्याकडे दिली आणि यापुढे कुठल्याही मुलाचं मडकं पाटलानंसुद्धा फोडायचं नाही, असं चावडीवर जाहीर केलं.

लेकरांची चूक झाकून ठेवायचं वचन मोठ्यांनी मोडलं, की लेकरं खरं सांगायचंच सोडून देतात.