शरभाची हाक

“...आणि फोन आला तेव्हा काय करत होतास?”

केरोबुवांनी विचारलं. मठाच्या पायरीवर बसून ते पावटे सोलत होते.

“दुधाची पिशवी कापत होतो,” अच्युत म्हणाला.

“मग?”

“मग काय... साधा मंगळवार होता. दुपारच्या चहाची वेळ. फोन वाजला तेव्हा वाटलं, मृदुलाच असणार. तिची तीच वेळ. दादा, जेवलास का, एवढंच विचारायला करायची.”

“तिचा नव्हता?”

“तिच्याबद्दलचा होता.”

बुवांच्या हातून एक दाणा घरंगळत पायरीखाली गेला. तो उचलायला ते वाकले नाहीत.

“दुधाचं काय झालं?” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

“काय?”

“पिशवी कापली होतीस ना.”

अच्युतला आठवेना. इतक्या लोकांनी इतकं काही विचारलं होतं, हे कोणी विचारलं नव्हतं.

अच्युत व्हिडिओ गेमचा समीक्षक होता. कुठला खेळ खेळण्यासारखा आहे आणि कुठला नाही, हे तो सांगायचा आणि लोक ऐकायचे. लपतछपत जायच्या खेळांत तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पहारेकऱ्याच्या नाकाखालून तो असा निघून जाई, की त्याला वाराही लागू नये. अभिमान मात्र त्याला कधी लपवता आला नव्हता.

मृदुला त्याची धाकटी बहीण. ती असे खेळ बनवायची. आजारपणाचा पत्ता तिनं कोणाला लागू दिला नाही. शेवटचा खेळ पुरा केला आणि गेली.

तिचा भागीदार फारुक, खेळातली चित्रं काढणारा, त्यानं तो खेळ अच्युतकडे पाठवला होता. “दादा म्हणेल तसं कर, असं ती सांगून गेलीय. तुम्ही हो म्हणालात तर लोकांपुढे ठेवू. नाही म्हणालात तर राहू दे.”

अच्युतचं उत्तर ठरलं होतं. नाही.

पण ते तोंडातून निघत नव्हतं. मृदुला दरवर्षी या मठात येऊन राहायची, म्हणून तो टेकडी चढून आला होता.

“बुवा, भाऊ म्हणून गोड बोलू, की खरं सांगू?”

“खरं काय आहे?”

“खेळ फसलाय.”

“दाखव.”

“तुम्हाला काय कळणार त्यातलं?”

“नाही कळणार,” बुवा म्हणाले. “दाखव.”

अच्युतनं पाटावर लॅपटॉप उघडला.

पडद्यावर एक किल्ला उभा राहिला. तो पृथ्वीवरचा नव्हता. त्याचे बुरूज ढगांत लोंबकळत होते. दालनांच्या दारांवर शरभ होते, जुन्या वेशींवर कोरलेले असतात तसे, सिंहाच्या तोंडाचे. पण हे दगडातून निघून चालत होते, हातात मशाल घेऊन.

“ही सावली म्हणजे आपण,” अच्युत म्हणाला. “जिची सावली, तो माणूस गेलाय. सावली मागे राहिलीय. दालनामागून दालनं ओलांडून तिनं पलीकडच्या दारानं बाहेर पडायचं. शरभाच्या उजेडात सापडली, की विरली.”

“चोरपावलांनी जायचं.”

“हो.”

“म्हणजे आमच्या बंड्याचा धंदा.”

बंड्या मठातला बोका. तो त्याच वेळी ताकाच्या गाडग्याकडे निघाला होता.

“बंड्या!” बुवा मान न वळवता ओरडले. बोका जागीच बसला. “हा सापडतो मात्र.”

अच्युतला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं होतं, त्यामुळे ते नीट जमलं नाही.

तो खेळू लागला. सावली खांबाआडून खांबाआड सरकत गेली. शरभ दोन पावलांवरून गेला, त्याला कळलं नाही. बुवा लहान मुलासारखे पुढे वाकले.

“वा रे पठ्ठ्या!”

“एकदाही सापडलो नाही मी,” अच्युत म्हणाला. “पहिल्या दालनापासून शेवटच्यापर्यंत. कोणालाही दिसलो नाही.”

“मग फसलं कुठे?”

“आता बघा.”

शरभ वळला. दारात आला. एक पाय उंबऱ्यावर ठेवून त्यानं पंजा कपाळाशी धरला आणि अंधारात हाक मारली.

“कोण आहे?”

अच्युतची बोटं विजेसारखी हलली. सावली भिंतीवरून सरपटत पुढच्या दालनात पोचलीसुद्धा.

“पाहिलंत? हाक मारतो, पण शोधायला येत नाही. दर दालनात हेच. पहारेकरी असा ढिला असेल तर भीती कसली वाटणार? आणि भीती नसेल, तर लपायचं कशाला?” तो जरा थांबला. “पहारेकऱ्यांचं काम तिनं एकटीनं केलंय. फारुकला हातसुद्धा लावू दिला नाही. आणि नेमकं तेच...”

“हाक आली की तू काय करतोस?”

“पळतो.”

“दर वेळी?”

“हे खेळ खेळणारा कोणीही पळेल, बुवा. त्याचंच तर नाव कौशल्य.”

बुवांनी पावट्याची टोपली आत नेली.

ऊन डोक्यावर आलं होतं. आत पानं मांडली गेली. मठातली तीन-चार माणसं पंगतीला बसली. भात वाढला, आमटी वाढली. पण कोणी पानाला हात लावेना.

अच्युतनं शेजारच्याकडे पाहिलं.

“थांबा जरा,” शेजारचा हळूच म्हणाला. “बुवा हाक मारून येऊ देत.”

बुवा दाराशी गेले होते. समोर उघडी टेकडी, करवंदीची जाळी, खाली उतरत गेलेली पायवाट. चिटपाखरू नव्हतं.

त्यांनी एक पाय उंबऱ्यावर ठेवला. हात कपाळाशी धरला.

“कोण आहे?”

अच्युतच्या अंगावर सर्रकन काटा आला.

बुवा थांबले. घाई नव्हती. वाटेनं कोणी दमलेलं येत असेल, ओ द्यायला त्याला वेळ लागत असेल, तेवढा वेळ ते थांबले.

“कोणाचं जेवायचं राहिलंय का?”

टेकडी गप्प होती...

बुवा परत आले आणि आपल्या पानावर बसले. लोकांनी भात कालवला.

अच्युत तसाच बसून राहिला.

“रोज मारता ही हाक?”

“मठाची रीत आहे. माझ्या गुरूंच्या आधीपासूनची.”

“येतं का कोणी?”

“मृदुलापण हेच विचारून हसायची.”

“तुम्ही काय सांगायचात?”

“तू आलीस की, म्हणायचो.” बुवांनी आमटीची वाटी पुढे सरकवली. “खालच्या गढीच्या दारावरचे शरभ बघायला आली होती पहिल्यांदा. वाट चुकली. त्या जाळीमागे उभी होती. पुढे यायला लाजत होती.”

अच्युत पानावरून उठला.

एरवी मठात हे चाललं नसतं. पण बुवाही उठले.

पायरीवर लॅपटॉप तसाच होता. अच्युतनं पहिलं दालन पुन्हा उघडलं. सावली खांबाआड उभी केली आणि वाट पाहिली.

शरभ आला. पाय उंबऱ्यावर. पंजा कपाळाशी.

“कोण आहे?”

अच्युतची बोटं आपसूक उचलली गेली. इतक्या वर्षांची सवय. बुवांनी त्याचा हात धरला आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतला.

सावली जागची हलली नाही.

शरभ थांबला...

ही शांतता अच्युतनं कधी ऐकलीच नव्हती. तिच्यात वारा होता. लांब कुठेतरी भांड्याला भांडं लागल्याचा आवाज होता. एवढ्याशा शांततेसाठी कोणी इतकं बारीक काम करतं? जिथे कोणी थांबणारच नाही, तिथे?

“कोणाचं जेवायचं राहिलंय का?” शरभ म्हणाला.

आवाज दगडाचा होता, घोगरा, खोल. पण वाक्याच्या शेवटी ते किंचित वर जाणं... ते अच्युत फोनवर रोज ऐकत आला होता.

शरभानं मशाल भिंतीकडे वळवली, उजेड सावलीवर पडू नये म्हणून. मग दाराआडून पत्रावळ आणली आणि अंधाराच्या कडेला ठेवली. स्वतःची जरा अलीकडे मांडली. मांडी घालून बसला. खांबाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. येणाऱ्याला अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून त्यानं मान खाली घातली होती.

दोन्ही पत्रावळींवरच्या भातातून वाफ निघत होती.

बुवांनी अच्युतचा हात सोडला नाही.

“त्याला ठाऊक होतं,” अच्युत म्हणाला. “मी तिथे आहे, हे त्याला आधीपासून...”

बुवा पडद्याकडे पाहत होते.

“पुढच्या दालनातही असंच असेल?” अच्युतनं विचारलं.

“मला काय कळतं त्यातलं?”

“त्याच्या पुढच्यातही. सगळ्याच... मी त्या सगळ्यांना चुकवून गेलो, बुवा. एकालाही दिसलो नाही.”

“हं.”

आत पंगत आटोपत आली होती. अच्युतच्या पानावरचा भात निवला होता. बंड्या येऊन पाटाशेजारी बसला. तोही पडद्याकडेच बघत होता.



“फारुक संध्याकाळी फोन करेल,” शेवटी अच्युत म्हणाला. “काय सांगू त्याला? खेळण्यासारखा आहे, की नाही?”

बुवांनी पडद्याकडे बोट केलं. तो प्रचंड दगडी जीव पंजे गुडघ्यांवर ठेवून मुकाट बसला होता. समोर भात होता. सावली अजून खांबाआडच होती, आणि त्यानं एक शितही उचललं नव्हतं.

“त्याचं जेवायचं राहिलंय,” बुवा म्हणाले.