वावटळीची लेखी साक्ष

“घोडी साक्ष देईल म्हणतेस? मग देऊ दे! पण आमच्या दरबारात तोंडी साक्ष चालत नाही. लेखी हवी, लेखी!”

राजे भुजंगराव असं म्हणाले आणि अख्खा दरबार खो-खो हसला. हसले नाहीत ते दोघंच. खोगिरं शिवणारा येसाजी जीनगर आणि त्याची मुलगी भिवरा.

भानगड वजनाची होती. दर दसऱ्याला भुजंगराव आणि शेजारचे राजे यांच्यात डोंगरवाटेने तीस कोसांची घोडदौड लागे. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या घोड्याला भर बाजारात आपल्या हाताने चंदी भरवायची! भुजंगरावांनी सलग तीन वर्षं भरवली होती. तो घोडा आता त्यांना लांबून पाहूनच खिंकाळायचा!

यंदा राजांनी वजन कमी करायचं मनावर घेतलं. अंगठ्या काढल्या, पानाचा डबा घरी ठेवला, मिशासुद्धा निम्म्या केल्या. उरलं खोगीर. पागेदार रंभाजीराव शहरातून एक नाजूक, चकचकीत खोगीर घेऊन आले. तराजूत ते भरलं दोन शेर. येसाजीचं भरलं पाच शेर.

“तीन शेर जास्त!” राजे कडाडले. “येसाजी, तूच मला हरवतोस होय? आठ दिवसांत पागेतलं घर रिकामं कर!”

येसाजी मान खाली घालून निघाला. पण भिवरा हलली नाही.

“सरकार, तीस कोस तराजू पळणार आहे की वावटळ?” वावटळ म्हणजे राजांची लाडकी घोडी. “मग तराजूला काय विचारता? तिलाच विचारा ना! ती खरी साक्ष देईल.”

त्यावर ती लेखी साक्षीची अट आली होती.

“चार दिवस देतो,” राजे डोळे पुसत म्हणाले. “साक्ष मिळाली तर मागशील ते देईन. नाही मिळाली, तर त्याच संध्याकाळी दोघांनी गाव सोडायचं!”

बाहेर येताच येसाजीने कपाळावर हात मारला. “भिवरे, काय करून बसलीस! घोडीला लिहायला कोण शिकवणार?”

“तिला येतं, आबा. वाचायला कुणी बसत नाही, एवढंच.”

भिवराने तीनच गोष्टी मागितल्या. कापडाची दोन पांढरी धडपी, टोपलीभर गेरू आणि स्वार म्हणून खुद्द पागेदार.

“मीच का?” रंभाजीराव गुरगुरले.

“म्हणजे स्वार बदलला, स्वार हलका होता, असं उद्या तुम्हाला म्हणता यायचं नाही!”

पहिल्या दिवशी तिने वावटळीच्या पाठीवर गेरू चोळला, वर पांढरं धडपं घातलं आणि त्यावर दोन शेरांचं खोगीर कसलं. पागेदार टेकडीवरच्या देवळापर्यंत जाऊन आले. दुसऱ्या दिवशी तीच घोडी, तीच वाट, तेच पागेदार. खोगीर मात्र येसाजीचं. दोन्ही धडपी राजांच्या पेटीत कुलपाखाली गेली.

चौथ्या दिवशी दरबार खच्चून भरला. वावटळीलाही आणलं. साक्षीदारच ती! आल्या आल्या तिने खजिनदाराच्या पगडीचा तुरा खाल्ला.

भिवराने पहिलं धडपं उलगडलं. सगळं पांढरं, आणि मधोमध दोन लालभडक डाग, मुठीएवढे.

“वाच!” राजे म्हणाले.

“वावटळ लिहिते, सरकार, की या खोगिराने पागेदारांचं सगळं ओझं माझ्या कण्याच्या दोन बाजूंना दोनच जागी रोवलं. तीस कोस गेले तर तिथं जखम होईल.” मग तिने दुसरं धडपं पसरलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिकट गुलाबी रंग, कुठेच डाग नाही. “आणि याने ओझं पाठभर वाटून दिलं.”

“पण तीन शेर जास्त ते जास्तच!” पागेदार ओरडले.

“पाण्याने भरलेला हंडा आणा!” भिवरा म्हणाली. “सरकारांनी डोक्यावर घ्यावा.”

दरबार गार पडला. राजे मात्र चौथ्या वर्षीही चंदी भरवावी लागेल या धास्तीने तडक उठले. हंडा डोक्यावर ठेवला.

“अगं आई गं! उतरवा! टोचतंय!”

भिवराने आपल्या ओढणीची गोल चुंबळ वळली, राजांच्या डोक्यावर ठेवली आणि वर तोच हंडा चढवला. राजे एक पाऊल चालले. दोन चालले. चक्क एक गिरकीही घेतली! अर्धं पाणी प्रधानांवर.

“ओझं वाढलं की कमी झालं, सरकार?”

“चुंबळीएवढं वाढलं की! पण लागतंय कमी!”

“वावटळीचंही तेच म्हणणं आहे.”

पागेदारांनी शेवटचा डाव टाकला. “सरकार! सहीशिवाय लेखी साक्ष म्हणजे चिंधी! साक्षीदाराची सही कुठंय?”

सगळे भिवराकडे बघू लागले. भिवराने आबांना डोळ्याने खूण केली. येसाजीने वावटळीचा पुढचा पाय उचलला, भिवराने खुराला उरलेला गेरू फासला आणि पाय धडप्यावर टेकवला. थप्प! कोपऱ्यात लालबुंद अर्धचंद्र उमटला.

“शिकलेली नाही हो ती, पागेदार. म्हणून अंगठा उठवलाय!”

राजे असे हसले की अजून डोक्यावरच असलेला अर्धा हंडाही त्यांच्याच अंगावर उपडा झाला. ओलेचिंब राजे ओरडले, “माग पोरी, माग!”

“आबांचं घर आबांकडेच राहावं. आणि साक्ष घेतल्याशिवाय या पागेत कुठल्याच घोड्यावर खोगीर चढू नये. साक्ष वाचायला मी!”

“दिलं! आणि पागेदार, आज पागेचं पाणी तुम्ही भरायचं. चुंबळीशिवाय!”

त्या दसऱ्याला भर बाजारात शेजारच्या राजांनी वावटळीला आपल्या हाताने चंदी भरवली. तिने ती शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ली, आणि मग त्यांच्या पगडीचा तुराही!